हिमरू: एका नकलेचा वारसा

हिमरूविषयी लिहिणारे बहुतेकजण मुहम्मद तुघलकापासून आरंभ करतात. १३२७ साली त्याने राजधानी देवगिरीस हलविली, तिच्यामागून विणकर आले आणि दरबार दिल्लीस परतल्यावर येथेच राहिले, अशी ती कथा. आम्ही ती परंपरा म्हणून ऐकतो, इतिहास म्हणून नव्हे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. या शहराची ओळख बनलेले हे वस्त्र मुघल आणि निजामी आश्रयावर पोसले गेले.

‘सारखे दिसणारे’ या अर्थाच्या फारसी शब्दावरून हिमरू हे नाव आले असे सांगतात. सारखे कशासारखे? तर किनखाबासारखे. किनखाबात रेशीम आणि जर. हिमरूत ताणा सुती, नक्षीचा बाणा रेशमी. म्हणजे जन्मतःच नक्कल. अनुकरणाला कमी लेखण्याची आम्हां साहित्याभ्यासकांची खोड येथे थोडी आवरावी लागते. जरीवाचूनही वेलबुट्टी उठून दिसते, आणि शालीच्या मागे सैल सुटलेले रेशमी धागे उबेचा एक जादा थर देऊन जातात.

जुन्या मागावर ही नक्षी जाळ्यात, म्हणजे वर टांगलेल्या दोऱ्यांच्या गाठींत, बांधलेली असे. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसे. वर बसलेला साथीदार, पुष्कळदा घरातलेच पोर, ठरल्या क्रमाने दोऱ्या ओढी. ते पोर एका परीने वाचतच असे, ओळीमागून ओळ. वेल हातात उतरला की कधीतरी ते खाली येऊन मागावर बसे. पुढे फ्रान्समधील जाकारच्या यंत्राचे छिद्रांकित पुठ्ठे आले आणि वरची बैठक रिकामी झाली. बालश्रमाचे गोडवे आम्हांस गायचे नाहीत. पोर सुटले हे चांगलेच झाले. परंतु शिकण्याची पहिली पायरीही त्याबरोबर गेली.

शेजारच्या पैठणीचे दैव निराळे. तिला लग्नघरांची मागणी आहे, पैठणला प्रशिक्षण केंद्र आहे, २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हिमरूचे गिऱ्हाईक म्हणजे शेरवानी घालणारा हैदराबादी उमराव. सप्टेंबर १९४८ नंतर तो उरला नाही. आज हिमरू म्हणून विकले जाणारे बरेचसे कापड यंत्रमागाचे असते.

नव्या पिढीस ही विद्या द्यायची तर सज्ञान शिकाऊ मुलामुलींना वेतन देऊन त्या वरच्या बैठकीवर बसवावे लागेल, जाळे बांधायला शिकवावे लागेल, आणि तेही काही वर्षे. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रात हे बसणारे नाही.