टिफ्रॅक आणि दोषशोधनाची शिस्त

हिमायतनगरासारख्या गांवींहि हल्लीं एखादा विद्यार्थी सुटे भाग आणून संगणक जुळवूं शकतो. नवें यंत्र सुरू झालें नाहीं म्हणजे दोष रॅमचा कीं मदरबोर्डचा, असा पेंच पडतो. हा पेंच आजचा नव्हे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन व त्यांचे सहकारी संगणक घडवूं लागले, तेव्हां त्यांनीं मोठ्या यंत्रास एकदम हात घातला नाहीं. आधीं छोटें प्रायोगिक यंत्र उभारलें. तें १९५६ मध्यें चालूं लागलें. पूर्ण यंत्र १९६० मध्यें कामास लागलें आणि १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें.

त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. पोलादी सांगाड्यास दोन्ही अंगांनीं दारें होतीं, म्हणजे आंतील जोडण्यांपर्यंत हात पोंचावा. स्मृति फेराइटच्या बारीक कड्यांची होती: २,०४८ शब्द, प्रत्येक शब्दास ४० अंक. अशा कडींतील अंक वाचतांच पुसला जातो व पुन्हा लिहावा लागतो. म्हणून चुकीचा अंक आला, तर कडी बिघडली कीं वाचणारें-लिहिणारें मंडल, हें नुसत्या उत्तरावरून कळत नाहीं. ठाऊक असलेला अंक ठेवावा, परत वाचावा आणि एका वेळीं एकच भाग बदलावा, हाच मार्ग.

आजहि तेंच करावें. वीज बंद करून रॅमची एकच पट्टी एका खांचेंत बसवावी, यंत्र चालवून पाहावें; मग दुसऱ्या खांचेंत. दोष पट्टीबरोबर गेला, तर पट्टी वाईट. खांचेपाशींच राहिला, तर संशय मदरबोर्डावर. निदानावांचून भाग फेकणारा पुष्कळदां चांगलीच वस्तु टाकून देतो.