लस, कायदा आणि सदसद्विवेकबुद्धी

विद्यापीठात परतणाऱ्या विद्यार्थ्याकडे लसीचा पुरावा मागावा काय, हा प्रश्न कोविडच्या साथीत जगभर गाजला. अनेकांना तो अगदी नवा वाटला. इतिहास मात्र निराळे सांगतो. अमेरिकेतील बॉस्टन शहराने १८२७ मध्येच शाळेत येणाऱ्या मुलांना देवीची लस आवश्यक केली होती. १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने तसा कायदाच केला.

या वादाचा पहिला मोठा निवाडा एका धर्मोपदेशकाच्या नकारातून झाला, ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंना विचार करावयास लावते. बॉस्टननजीकच्या केंब्रिज येथील लुथरन पाळक हेनिंग जेकबसन यांनी १९०२ च्या देवीच्या साथीत लस नाकारली. बालपणीच्या लसीचा आपणांस फार त्रास झाला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना पाच डॉलर दंड झाला आणि १९०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायम केला. समाजाच्या रक्षणासाठी व्यक्तिस्वातंत्र्यास वाजवी मर्यादा घालता येते, हा निकालाचा गाभा होता. पुढे १९२२ मध्ये, लसीचा दाखला नसलेल्या विद्यार्थिनीस शाळेत प्रवेश नाकारण्याचा टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहराचा नियमही त्याच न्यायालयाने वैध ठरविला.

मे २०२१ मध्ये इंडियाना विद्यापीठाने विद्यार्थ्यांना कोविडची लस बंधनकारक केली, तेव्हा न्यायालयांपुढे हा वारसा होता. आठ विद्यार्थ्यांनी दाद मागितली. वस्तुतः वैद्यकीय व धार्मिक कारणांसाठी सवलतीची तरतूद होती. ती घेणाऱ्याने मुखपट्टी वापरावी व नियमित तपासणी करावी, एवढीच अट होती. दोन न्यायालयांनी विद्यार्थ्यांची मागणी अमान्य केली. १२ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनीही हस्तक्षेप नाकारला. बॅरेट या स्वतः कॅथलिक आहेत.

अनेक श्रद्धावंतांच्या मनातील शंका मात्र न्यायालयीन नव्हती. काही लसींच्या निर्मितीत वा चाचणीत पूर्वीच्या गर्भपातांतून मिळालेल्या पेशींच्या वंशाचा उपयोग झाला होता. जीवनाचे पावित्र्य मानणाऱ्यास हे बोचणे स्वाभाविक आहे. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने २१ डिसेंबर २०२० च्या टिपणीत यावर मार्गदर्शन केले. निर्दोष पर्याय उपलब्ध नसेल तर अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहे. लसीकरण हे सर्वसाधारणपणे नैतिक बंधन नसल्याने ते ऐच्छिक असावे. परंतु विवेकास स्मरून नाकारणाऱ्याने आपल्यामुळे इतरांना, विशेषतः दुर्बलांना, संसर्ग होऊ नये म्हणून सर्व उपाय योजावेत.

आमच्या मते यातील तिसरे वाक्य विसरले गेले. सक्तीच्या विरोधकांनी दुसरे उचलले, समर्थकांनी पहिले. महाराष्ट्रात २० ऑक्टोबर २०२१ पासून महाविद्यालये उघडली, तेव्हा अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांना दोन्ही मात्रांची अट होती. तिच्या चर्चेतही हक्काचाच उच्चार अधिक झाला. सदसद्विवेकबुद्धी हा परमेश्वराचा अंतःकरणातील आवाज आहे, असे ख्रिस्तसभा शिकविते. पण तो आवाज माणसाला शेजाऱ्यापासून दूर नेत नाही. जो लस नाकारतो, त्याने मुखपट्टीचा व तपासणीचा भार आनंदाने उचलावा. जो नियम करतो, त्याने प्रामाणिक नकारासाठी दार किलकिले ठेवावे. पुढची साथ केव्हा येईल, हे आपल्या हाती नाही. ती येण्यापूर्वी एवढा शेजारधर्म अंगी बाणविणे मात्र निश्चितच आपल्या हाती आहे.