तर्री, भाकर आणि गहू : नागपूरच्या ताटाचा एक धागा

कस्तुरचंद पार्कजवळ सकाळी मिळणाऱ्या तर्री-पोह्यांच्या एका बशीत आहारशास्त्रातला एक अलीकडचा विषय सामावलेला आहे. पोटाच्या रुग्णाला पोहे सहसा चालतात; वरची हरभरा-कांदा-लसणाची तर्री मात्र पोट फुगवते.

२००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी ‘फॉडमॅप’ ही संज्ञा मांडली. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि मोठ्या आतड्यात आंबणाऱ्या शर्करांचा हा गट. गव्हातील फ्रुक्टान त्यातलेच. ज्वारी आणि तांदळात त्यांचे प्रमाण अल्प, म्हणून आहारतज्ज्ञ अशा रुग्णांना भाकर, पोहे, मुरमुरे, लाह्या सुचवतात.

प्रश्न असा की, ज्वारीच्या प्रदेशात भाकर ‘सुचवावी’ का लागली?

नागपूर दोन धान्यप्रदेशांच्या सीमेवर आहे. पूर्वेला वैनगंगेच्या खोऱ्यात भात, पश्चिमेला वर्ध्याकडे काळ्या मातीत कापूस आणि ज्वारी. गहू येथे पिकत नव्हता असे नाही. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोहोचली आणि मध्य प्रांतातला गहू मुंबई बंदराकडे निघाला. पिकवणाऱ्याच्या घरी मात्र बहुधा भाकर, कण्या आणि आंबीलच. पोळी सणाची, पाहुण्यांची आणि ऐपतीची खूण होती.

हे चित्र स्वातंत्र्यानंतर पालटले. १९५६ मध्ये भारताने अमेरिकेशी ‘पीएल-४८०’ करार केला. पुढे हरितक्रांती झाली आणि रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ स्थिरावले. ज्वारीलाही १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हे संकरित वाण मिळाले, पण सरकारी खरेदी आणि वितरणात तिला गव्हाचे स्थान कधीच लाभले नाही. त्यातच १९७२ च्या दुष्काळात आलेल्या तांबड्या ‘मिलो’ने ज्वारीवर गरिबीचा शिक्का अधिकच गडद केला. पुढे विदर्भात सोयाबीन आले, खरीप ज्वारी आक्रसली, आणि तिच्यासोबत गुरांचा कडबाही. रुचीपेक्षा धोरण आणि प्रतिष्ठा यांनीच हा बदल अधिक घडवला.

‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ हा आवडता निष्कर्ष येथे टिकत नाही. झुणका-भाकरच पाहा. भाकर या पथ्यात बसते, बेसन-कांद्याचा झुणका बसत नाही. पूर्वजांनी जमीन, पाऊस आणि ऐपत पाहून धान्य निवडले. आतड्यातील शर्करांचा हिशेब त्यांच्यासमोर नव्हता.

फराळाचेही तसेच. मुरमुऱ्याचा किंवा पातळ पोह्यांचा शेंगदाणे घातलेला चिवडा, लसूण-कांदा वगळल्यास, बेतशीर प्रमाणात चालतो. १९७० च्या सुमारास बीकानेरच्या हल्दीराम घराण्याची शाखा नागपुरात रुजली, तेव्हापासून शहराची ओळख बनलेली शेव-भुजिया मात्र बेसन आणि मटकीची. तिथे हात आखडता घ्यावा लागतो. तोही कायमचा नव्हे: हे पथ्य मुळात काही आठवड्यांचे असते, त्यानंतर एकेक पदार्थ परत घेऊन पाहायचा असतो. गव्हाची पोळीही त्यात आलीच.