सर्व्हरची डिस्क किती फास्ट? एका आकड्यावर विश्वास ठेवू नका

फोन घेताना स्टोरेज किती जीबी आहे हे आपण हमखास विचारतो, पण ते किती फास्ट आहे हे फार कमी जण विचारतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डेटाबेसच्या सर्व्हरसाठी डिस्क निवडताना आम्ही जागेच्या आधी वेग बघतो. गंमत म्हणजे वेग हा एक आकडा नसतोच. डेटा सेंटरमधल्या डिस्क कशा असतात आणि त्यांचा वेग नेमका कसा मोजायचा, ते या लेखात बघू.

मुकुटबन ते मुंबई, जाऊन-येऊन

समजा तुम्ही मुकुटबनच्या बसस्टँडवर चहा घेतला आणि क्यूआर कोड स्कॅन करून १० रुपये दिले. रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या आदेशानुसार पेमेंटची माहिती भारतातच साठवावी लागते आणि देशातली बरीच डेटा सेंटर मुंबई-नवी मुंबईत आहेत. मुकुटबनहून मुंबई सरळ रेषेत सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ६ मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते, मध्ये राउटर लागतात, म्हणून वेळ याहून जास्तच लागतो.

आता सर्व्हरमधली साधी हार्ड डिस्क घ्या. ती मिनिटाला ७,२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४.२ मिलिसेकंद. हेड योग्य जागी सरकायला आणखी ८ धरा. झाले १२. म्हणजे सिग्नल दोनदा मुंबईला जाऊन येईल एवढ्या वेळात ही डिस्क डेटाचा एकच तुकडा शोधते! चांगली एनव्हीएमई एसएसडी तेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास करते.

सर्व्हरच्या एसएसडीत वेगळं काय?

- कॅपॅसिटर: लाइट गेली तरी हातातला डेटा चिपवर उतरवण्याइतकी वीज यात साठलेली असते. घरगुती एसएसडीत हे बहुतेक वेळा नसतं.
- टिकाऊपणा: कंपनी ‘रोज किती वेळा पूर्ण डिस्क लिहिता येईल’ ते सांगते. १.९२ टीबीची डिस्क, रोज एकदा, ५ वर्षं म्हणजे साधारण ३,५०० टीबी लिखाण.
- रेड: अनेक डिस्क जोडून एक मोठी डिस्क केली जाते, म्हणजे एखादी बिघडली तरी काम थांबत नाही. पण रेड ५ मध्ये छोटं एक लिखाण करायला चार कामं होतात: दोन वाचनं, दोन लिखाणं. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते.

तीन आकडे

सीझनमध्ये जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग डोळ्यांसमोर आणा.

- लेटन्सी: एक गाडी आत जाऊन रिकामी होऊन बाहेर यायला किती वेळ.
- आयओपीएस: एका सेकंदात किती गाड्या रिकाम्या झाल्या.
- थ्रूपुट: एका सेकंदात एकूण किती माल उतरला.

थ्रूपुट म्हणजे आयओपीएस गुणिले प्रत्येक तुकड्याचा आकार. वरची हार्ड डिस्क १२ मिलिसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला सुमारे ८० तुकडे देते. तुकडा ४ केबीचा असेल, तर सेकंदाला फक्त ३२० केबी! तीच डिस्क सलग मोठी फाइल वाचताना २०० एमबी प्रति सेकंद गाठू शकते. खोक्यावर कोणता आकडा छापतात, ते सांगायला नको.

क्लाउडवर हेच बघा. अमेझॉनच्या जीपी३ डिस्कला मुळात ३,००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी मिळतात. मायएसक्यूएलचं पान १६ केबीचं असतं. ३,००० गुणिले १६ केबी म्हणजे ४८ एमबी. म्हणजे पान-पान वाचताना आयओपीएस आधी संपतात आणि १२५ चा आकडा कामाला येतच नाही.

सरासरी फसवते

१,००० पैकी ९९० कामं ०.१ मिलिसेकंदात झाली आणि १० कामांना ५० मिलिसेकंद लागले. सरासरी येते ०.६. दिसायला छान! पण एखादं पेज उघडायला अशी १०० वाचनं लागत असतील, तर त्यातलं किमान एक तरी हळू निघण्याची शक्यता ६३ टक्के. म्हणजे बहुतेक लोकांना पेज अडकल्यासारखंच वाटणार. म्हणून आम्ही सरासरीऐवजी ९९ वा पर्सेंटाइल बघतो: १०० पैकी ९९ कामं किती वेळाच्या आत झाली?

मोजायचं कसं?

लिनक्सवर यासाठी एफआयओ हे मोफत टूल वापरतात. ते लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्या येन्स आक्सबो यांनी लिहिलंय. टेस्ट करताना एवढं पाळा:

१. कॅशे टाळून, थेट डिस्कवर टेस्ट करा. नाहीतर तुम्ही रॅमचा वेग मोजाल.

२. डिस्क आधी भरून घ्या आणि टेस्ट बराच वेळ चालू ठेवा. नवी कोरी एसएसडी सुरुवातीला जोरात पळते, मग दमते.

३. तुमच्या कामासारखाच तुकड्याचा आकार आणि वाचन-लिखाणाचं प्रमाण ठेवा.

४. रांग छोटी आणि मोठी, दोन्ही करून बघा. रांग वाढली की आयओपीएस वाढतात, पण एका हद्दीनंतर फक्त लेटन्सी वाढते.

५. ज्या डिस्कवर डेटा आहे, तिच्यावर थेट लिखाणाची टेस्ट कधीच चालवू नका. सगळा डेटा पुसला जाईल.

आणि तुमचा फोन?

फोनलाही हाच नियम लागू. ॲप उघडताना शेकडो छोट्या फाइल्स वाचल्या जातात, त्यामुळे तिथे रँडम वाचनाचा वेग कामाला येतो. पुढचा फोन घेताना स्टोरेज ईएमएमसी आहे की यूएफएस, ते स्पेसिफिकेशनमध्ये नक्की बघा. जीबी सारखेच असले तरी यूएफएसवाला फोन जास्त चपळ वाटतो. एंड्रोबेंचसारख्या ॲपने टेस्ट केलीत, तर सलग वाचनाच्या मोठ्या आकड्यावर थांबू नका. त्याखालचा रँडमचा आकडाही वाचा.