मकरंदभोजी पोपटांचे पालन: मलुकू ते अतिऊ

पोपट पाळण्याची परंपरा अनेक देशांत प्राचीन असली, तरी लोरी आणि लोरिकीट या पोपटांना पिंजऱ्यात दीर्घकाळ जगवून त्यांची वीण घेण्याची विद्या जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, आणि याचे मुख्य कारण या पक्ष्यांच्या आहारात सापडते. आखूड शेपटीच्या जातींना साधारणपणे लोरी आणि लांब, निमुळत्या शेपटीच्या जातींना लोरिकीट म्हणण्याचा प्रघात असला तरी दोन्ही एकाच गटात मोडतात, आणि इंडोनेशियाची पूर्वेकडील बेटे, न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया व प्रशांत महासागरातील विखुरलेली बेटे हा त्यांचा मुलूख आहे. त्यांच्या जिभेच्या टोकाशी बारीक तंतूंचा झुबका असतो, ज्याने ते फुलांतील मकरंद टिपून घेतात आणि परागकण खरवडतात. उलट दाणे भरडणारी जठराची स्नायुमय पिशवी, म्हणजे पेषणी, त्यांच्यात इतर पोपटांच्या मानाने दुबळी असते. अशा पक्ष्यापुढे राघूला घालतात तसे धान्य ठेवले तर तो काही दिवस ते चघळतो, पण त्यातून त्याचे पोषण होत नाही.

हे पक्षी टिकत नाहीत, ही अडचण युरोपीयांच्या लक्षात प्रथम आली ती गोव्यात, असे म्हणण्यास आधार आहे. मलुकू ही लवंगांची बेटे. तेथील लाल रंगाचे पोपट मलायी भाषेत ‘नुरी’ म्हणून ओळखले जात आणि मसाल्याच्या व्यापाराबरोबर ते मलाक्कामार्गे पश्चिमेकडे येत. निकोलो दे कोंती या व्हेनिसच्या प्रवाशाने पंधराव्या शतकातच त्यांची नोंद केली होती. 1583 पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपांच्या सेवेत राहिलेल्या यान हाउघेन फान लिन्सखोटेन या डच माणसाने 1596 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात या पक्ष्यांविषयी लिहिले असून, त्यांच्या रंगाची व माणसाळलेपणाची वाखाणणी करून झाल्यावर तो सांगतो की पोर्तुगालच्या राजाला ते नजराणा म्हणून पाठवण्यासाठी सर्व उपाय केले गेले, परंतु पक्षी फार नाजूक असल्याने एकही जिवंत पोहोचला नाही. गोव्याहून लिस्बनपर्यंतचा प्रवास अनेक महिन्यांचा होता, आणि जहाजावर फळ टिकत नसे, तेथे फुले कोठून मिळणार? लिन्सखोटेनने मृत्यूचे खापर पक्ष्याच्या प्रकृतीवर फोडले; खरा दोष शिदोरीचा असावा, असे आज मानता येते.

इंग्लंडमध्ये जिवंत पोहोचलेला पहिला ऑस्ट्रेलियन पोपट लोरिकीटच होता, असे परंपरेने सांगितले जाते. जेम्स कुक यांच्या ‘एन्डेव्हर’ जहाजावर ताहितीहून चढलेला तुपाइया हा राइआतेआ बेटाचा नाविक व पुरोहित या पक्ष्याचा मूळ मालक होता. तुपाइया 1770 मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, आजाराने मरण पावला. पक्षी मात्र जोसेफ बँक्स यांच्याबरोबर 1771 मध्ये इंग्लंडला पोहोचला आणि पुढे मार्माड्यूक टन्स्टॉल या संग्राहकाकडे गेला. 1772 मध्ये मोझेस ग्रिफिथ या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. ज्या माणसाने त्याला जगवले त्याला युरोप दिसले नाही, आणि या पक्ष्याच्या कथेत त्याचे नाव बहुधा ओझरतेच येते.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या प्राणिसंग्रहालयामुळे (स्थापना 1828) असे पक्षी डोळ्यांनी पाहण्याची सोय झाली. एडवर्ड लिअर यांनी 1830 ते 1832 या काळात पोपटांच्या चित्रांचा जो प्रसिद्ध ग्रंथ काढला, त्यासाठी त्यांनी पेंढा भरलेल्या कातड्यांऐवजी शक्य तेथे जिवंत नमुने समोर ठेवले, आणि त्यांत लोरीही होत्या. तथापि चित्रासाठी बसणे आणि घरटे करणे यांत फार अंतर असते. त्या काळचे पक्षिविक्रेते लोरींना हळूहळू दाण्यांवर ‘आणत’, कारण दाण्यांवरचा पक्षी वाहतुकीस सोपा, विष्ठा कोरडी आणि पिंजरा स्वच्छ राही; गिऱ्हाइकाच्या घरी तो पक्षी काही महिन्यांनी आकडी येऊन मरे. मकरंदावर जगणाऱ्या पक्ष्याची विष्ठा पातळ असते आणि ती पिंजऱ्याबाहेर दूरवर उडते, ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी या छंदाच्या प्रसाराला तिने जितका अडसर घातला तितका बहुधा किमतीनेही घातला नसेल.

1894 मध्ये इंग्लंडमध्ये ‘ॲव्हिकल्चरल सोसायटी’ स्थापन झाली आणि तिच्या मासिकातून पक्षिपालकांचे अनुभव प्रथमच एकत्र येऊ लागले. स्कॉटलंडमधील हॉडम कॅसल येथे ई. जे. ब्रूक यांनी वॉल्टर गुडफेलो यांच्यासारख्या संग्राहकांनी न्यू गिनीच्या बाजूने आणलेले पक्षी ठेवले होते. या पिढीने आहाराचा प्रश्न सोडवला तो प्रयोगशाळेत नव्हे, तर बाळांच्या कपाटात: लहान मुलांसाठी विकली जाणारी माल्टयुक्त पिठे, डबाबंद आटवलेले दूध आणि मध कोमट पाण्यात कालवून केलेले पातळ पेय, जोडीला गोड फळे. हे मिश्रण उन्हाळ्यात काही तासांत आंबते, म्हणून ते दिवसातून दोनदा तरी ताजे करावे लागे आणि भांडी उकळत्या पाण्याने धुवावी लागत. दुर्मीळ लोरी मुख्यतः नोकरचाकर असलेल्या श्रीमंतांच्याच पक्षीगृहांत का टिकल्या, याचे उत्तर या दिनक्रमात आहे. टॅव्हिस्टॉकचे मार्क्विस, जे 1940 मध्ये बेडफर्डचे बारावे ड्यूक झाले, त्यांनी 1930 च्या दशकात पॉलिनेशियातील ‘विनी’ या गटातील ताहिती निळी लोरी वाढवून तिची पिल्ले मिळवली, ही त्या काळातील मोठी मजल होती.

आहारानंतर प्रश्न उरला जोडीचा. बहुतेक जातींत नर आणि मादी दिसायला सारखे असतात, आणि दोन माद्याही एकमेकींची पिसे साफ करत, एकाच पेटीत झोपत वर्षानुवर्षे सुखाने राहतात. लोरीची मादी बहुधा दोनच अंडी घालते. पेटीत तीन-चार अंडी दिसली आणि त्यांतून काही निघाले नाही, की जुने पालक दोन्ही माद्याच असल्याचे ओळखत. 1970 च्या दशकापासून पशुवैद्यांनी बारीक दुर्बिणीची नळी पोटात घालून लिंग ओळखण्याची पद्धत रूढ केली आणि पुढे पिसावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून डीएनए तपासणी होऊ लागली, तेव्हा हा अंदाजांचा खेळ संपला. रोझमेरी लो यांचे लोरींवरील पुस्तक 1977 मध्ये निघाले, आणि विखुरलेले हे सारे ज्ञान सामान्य पालकाच्या हाती आले.

पण जे पक्षी जगवता येऊ लागले तेच पकडून आणण्याची ओढही वाढली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चोरट्या मार्गाने आलेल्या ताहिती निळ्या लोरी जप्त झाल्या आणि त्यांतील काही सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयात पोहोचल्या. इंडोनेशियाच्या सांगिहे आणि तालाउद बेटांवरची लाल-निळी लोरी जंगलतोड व पकडणी या दोहोंमुळे इतकी घटली की 1995 मध्ये तिचा समावेश ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारी देवघेव जवळपास बंद असलेल्या यादीत, करण्यात आला. भारतात 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात साइट्समधील जातींसाठी स्वतंत्र अनुसूची आली, त्यामुळे महाराष्ट्रातील हौशी पालकालाही अशा पक्ष्याची व त्याच्या पिल्लांची नोंद करणे भाग आहे.

पक्षीगृहातील वीण म्हणजेच संवर्धन, असा दावा पालक अनेकदा करतात. विनी गटाचा इतिहास त्याला फारसा दुजोरा देत नाही. या गटातील लाल छातीचा कुल लोरिकीट कुक बेटांवरून नाहीसा झाला तो लाल पिसांच्या हव्यासापायी, आणि रिमातारा बेटावर उरला तो तेथील राणीने त्याला मारण्यावर घातलेल्या ‘तापू’मुळे, म्हणजे धार्मिक बंदीमुळे, तसेच झाडावर चढणारा काळा उंदीर त्या बेटावर न पोहोचल्यामुळे. फातू हिवा बेटावर 1992 ते 1994 या काळात दुसऱ्या एका जातीचे 29 पक्षी नेऊन सोडले होते, पण पुढे काळा उंदीर तेथे शिरला आणि वसाहत खचली. 2007 मध्ये रिमातारातील रहिवाशांच्या संमतीने 27 कुल लोरिकीट विमानाने अतिऊ या कुक बेटावर नेण्यात आले. हे सारे पक्षी रानातलेच होते, पिंजऱ्यात जन्मलेला त्यांत एकही नव्हता. त्यांनी तेथे लवकरच घरटी केली, मात्र काळा उंदीर नसलेल्या या बेटावर त्यांना भेटला तो भारतातला ओळखीचा पक्षी: विसाव्या शतकाच्या आरंभी किडे खाण्यासाठी कुक बेटांवर आणलेली साळुंकी, जी लोरिकीटांच्या ढोलीवर हल्ले करून पिल्लांना छळू लागली. अखेर 2009 पासून अतिऊवर साळुंक्या टिपण्याची मोहीम सुरू झाली, आणि गावकरी तिच्यात पुढील अनेक वर्षे सहभागी होत राहिले.