धनुष्य नसलेल्या खंडातील धनुर्धारी

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या झुडपी रानांत आजही धनुष्यबाणाने रानडुकरांची व रानकुत्र्यांची शिकार होते. छायाचित्र पाहताच वाटते, हा हजारो वर्षांचा आदिम वारसा असावा. प्रत्यक्षात डुक्कर बाहेरून आलेले, कुत्रा बाहेरून आलेला आणि धनुष्य तर सर्वांत अलीकडचे. आजचा धागा या तीन पाहुण्यांविषयी.

प्रारंभ धनुष्यापासून करू. ऑगस्ट १७७० मध्ये जेम्स कुकचे जहाज ऑस्ट्रेलियाचा संपूर्ण पूर्व किनारा पार करून उत्तर टोकाशी, आज ज्याला पझेशन बेट म्हणतात तेथे पोहोचले. किनाऱ्यावर दहा माणसे दिसली. नऊ जणांच्या हाती नेहमीचे भाले आणि दहाव्याच्या हाती धनुष्य व बाणांची जुडी. चार महिन्यांच्या प्रवासात धनुष्य प्रथमच दिसत होते, म्हणून कुक आणि निसर्ग-अभ्यासक जोसेफ बँक्स या दोघांनीही ते आवर्जून टिपले.

या टोकापलीकडे टॉरेस सामुद्रधुनी आहे. तेथील बेटांवर आणि न्यू गिनीत धनुष्य सर्रास होते. केप यॉर्कच्या मुख्य भूमीवरील लोकांनी बेटवासीयांकडून बाजूला तराफा जोडलेली होडी स्वीकारली. धनुष्य मात्र स्वीकारले नाही. म्हणजे हा प्रश्न अज्ञानाचा नव्हता. त्यांना ते ठाऊक होते आणि तरीही नको होते.

का नको होते? त्यांच्याजवळ ‘वूमेरा’ होती. ही भाला फेकण्याची दांडी. भाल्याचे मागचे टोक तिच्या आकड्यात अडकवायचे आणि झटका द्यायचा. हाताची लांबी जणू वाढते आणि भाला कितीतरी वेगाने सुटतो. पश्चिमेकडील वाळवंटात हीच दांडी पसरट करून ताटासारखी वापरीत, तिच्या कडेने लाकूड घासून विस्तव पाडीत आणि मुठीला बसवलेल्या दगडी पात्याने लाकूड तासीत. सतत चालत राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हातातील एका वस्तूने चार कामे होणे मोलाचे असते.

पण एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी हा विचार केला नाही. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गन याने १८७७ मध्ये मानवी प्रगतीची एक शिडी मांडली. तिच्यात ‘रानटी’ अवस्थेच्या वरच्या पायरीची खूण होती धनुष्यबाण. ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींना त्याने खालच्या पायरीवर बसवले. एका न घेतलेल्या शस्त्रावरून संपूर्ण समाजाची इयत्ता ठरली! (शिडी तयार करणारा स्वतःला नेहमी सर्वांत वर कसा सापडतो, हे कोडे मला पदवीच्या पहिल्या वर्षापासून पडलेले आहे.)

आता कुत्रा, अर्थात डिंगो. आपल्या सह्याद्रीतील कोळसून ही निराळी जात. डिंगो मूळचा पाळीव कुत्र्यांच्याच कुळातला. नलारबॉर मैदानातील मदुरा गुहेत सापडलेली त्याची हाडे सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीची आहेत. तो माणसांबरोबर होडीतून आला. टास्मानिया त्याआधीच समुद्राने तुटले होते, म्हणून तेथे डिंगो कधीच पोहोचला नाही. तो भारतातून गेला, हा दावा अधूनमधून आपल्याकडे फिरतो. २०१३ च्या एका जनुकीय अभ्यासाने त्याला बळ दिले होते. परंतु २०१६ मध्ये मूलनिवासी पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास झाला, त्यात अशा भारतीय स्थलांतराची खूण आढळली नाही.

डुकराचा प्रवेश तारखेनिशी सांगता येतो. जानेवारी १७८८ मध्ये कैद्यांना घेऊन पहिला ब्रिटिश ताफा सिडनीला उतरला. त्याच वर्षी मे महिन्यात वसाहतीतील जनावरांची यादी झाली, तीत डुकरे ४९ मोठी आणि २५ लहान. कुंपण नसलेल्या वसाहतीत त्यांतली रानात पळणारच होती.

मेंढपाळी वाढली आणि डिंगो शत्रू ठरला. विषाचे मांस पेरले गेले, हजारो किलोमीटर कुंपण उभे राहिले (आजही ते सुमारे ५,६०० किलोमीटर आहे), डोक्याच्या कातडीवर सरकारी इनाम लागले. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ‘डॉगर’ म्हणवणारे गोरे फिरस्ते पिट्जन्टजारा लोकांकडून ही कातडी पीठ, चहा, साखरेच्या मोबदल्यात घेत आणि सरकारकडून कितीतरी अधिक रक्कम उचलीत. ज्या समाजात डिंगोची पिल्ले घरच्यासारखी वाढत आणि थंडीच्या रात्री अंगाशी घेतली जात, तोच समाज पिठासाठी त्याची कातडी आणून देऊ लागला. चार्ल्स डुगुइड या डॉक्टरच्या पुढाकाराने १९३७ मध्ये एर्नाबेला येथे मिशन उभे राहिले. तेथे कातडीचा रास्त भाव मिळू लागला, तेव्हा कुठे या व्यापाराचे खरे स्वरूप उघड झाले.

मग रानात धनुष्य आणले कोणी? त्याचा माग कॅलिफोर्नियाला जातो. १९११ मध्ये ओरोव्हिल गावात इशी नावाने पुढे ओळखला गेलेला याही जमातीचा अखेरचा माणूस प्रकट झाला. वसाहतवाल्यांनी त्याची जमात संपवली होती. सॅक्सटन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य घडवणे आणि शिकार करणे शिकून घेतले. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. १९२३ मध्ये पोपचे धनुष्यशिकारीवरील पुस्तक आले आणि गोऱ्या जगात या छंदाचे पुनरुज्जीवन झाले. पुढे मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलनने धनुष्याला चाके बसवली आणि १९६९ मध्ये पेटंट मिळवले. पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार एकदम हलका होत असल्याने नेम धरून थांबता येऊ लागले.

तरी जवळ जावेच लागते, वीस-तीस मीटरपर्यंत, वाऱ्याच्या उलट दिशेने. बाण रक्तस्रावाने मारतो. प्रौढ नर डुकराच्या खांद्यावर कूर्चेची जाड ढाल असते, तेथे नेम चुकला तर जनावर जखमी होऊन पळते. याच मुद्द्यावर या शिकारीविषयी तेथे तीव्र वाद आहे. टास्मानियात ती कायद्याने बंद आहे.

उरला शब्द. ‘रानकुत्रा’ म्हणजे पाळीव कुत्र्यांशी संकर होऊन बिघडलेला प्राणी, असा तेथे दीर्घकाळ समज होता, आणि त्याला मारण्याचे समर्थनही त्यावरच उभे होते. २०२३ मध्ये ३९१ प्राण्यांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. रानातील बहुसंख्य प्राणी शुद्ध डिंगो निघाले. न्यू साउथ वेल्सच्या सरकारी कागदांत त्यांचे नाव त्यानंतरही ‘रानकुत्रा’ असेच राहिले.