वरिष्ठ सभागृह आणि त्याची रिकामी आसने

विधान परिषदेसाठी कोकण पदवीधर किंवा कोकण शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली, की वसईतील एकाच घरात दोन प्रतींचे नागरिक दिसू लागतात. माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या सुनेला मत असते. जन्मभर वाडी शिंपणाऱ्या सासऱ्यांना ते नसते. प्राथमिक शाळेतील बाईंनाही शिक्षक म्हणून ते मिळत नाही. या भेदाचे मूळ शोधायचे तर मुंबईच्या टाउन हॉलपर्यंत मागे जावे लागते.

१८६१च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ स्थापन झाले आणि २२ जानेवारी १८६२ रोजी त्याची पहिली बैठक टाउन हॉलमध्ये भरली. सभागृह एकच होते आणि सभासद गव्हर्नरसाहेबांच्या मर्जीतले. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखा मातब्बर पुरुष तेथे होता खरा, परंतु सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार सभासदांना १८९२च्या कायद्यापर्यंत नव्हता. पुढे १९०१ साली जमीन महसुलाचे विधेयक सरकारी बहुमताच्या जोरावर रेटले जात असताना फिरोजशहा मेहता, गोखले आदी सभासद सभागृहाबाहेर निघून गेले. विधेयक संमत झालेच. परंतु रयतेच्या जमिनीविषयी सरकारचा हेतू काय आहे, हे त्या सभात्यागाने इलाखाभर कळले.

स्वतंत्र वरिष्ठ सभागृह १९३५च्या कायद्याने आले आणि १९३७ साली पुण्यात त्याची पहिली बैठक झाली. त्या कायद्यात मुंबईच्या विधानसभेतील १७५ जागांपैकी भारतीय ख्रिस्ती समाजासाठी ३ जागा राखीव होत्या. वरिष्ठ सभागृहाच्या जास्तीत जास्त ३० जागांमध्ये मात्र आपल्यासाठी एकही नव्हती. युरोपियनांसाठी १ होती! पुढे घटना समितीत डॉ. एच. सी. मुखर्जी आणि फादर जेरोम डिसोझा यांनी धर्माधारित राखीव जागांचा आग्रह सोडला. विधानसभेवर नेमल्या जाणाऱ्या अँग्लो-इंडियन सभासदाची जागा ‘ख्रिस्ती जागा’ आहे, असा समज आपल्याकडे पुष्कळांचा होता. तो चुकीचा होता आणि ती तरतूदही जानेवारी २०२० मध्ये संपली.

आजच्या परिषदेत ७८ आसने आहेत. आमदार ३० सभासद निवडतात, स्थानिक स्वराज्य संस्था २२, पदवीधर ७ आणि शिक्षक ७. उरलेले १२ राज्यपाल नेमतात. हे बारा जण साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतील जाणते असावेत, अशी राज्यघटनेची अपेक्षा आहे. परिषद कधी बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात. अधिकार मात्र तुटपुंजे. अर्थविषयक विधेयक १४ दिवसांत परत करावे लागते. अन्य विधेयक प्रथम ३ महिने आणि विधानसभेने पुन्हा संमत केल्यावर आणखी १ महिना रोखून धरता येते, त्यापुढे नाही. संसदेत असते तशी संयुक्त बैठक राज्यात नाही. अखेरचा शब्द विधानसभेचाच.

मग ही खर्चिक शोभा कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत, आणि तमिळनाडूने १९८६ साली आपली परिषद मोडलीही. आम्हांस हा निर्णय घाईचा वाटतो. १९६० ते १९७८ या काळात आपल्या परिषदेचे सभापती असलेल्या वि. स. पागे यांचे उदाहरण पाहावे. सभापतीच्या आसनावर पक्षाची धावपळ कमी आणि विचाराला सवड अधिक. त्या सवडीत या गांधीवादी गृहस्थाने मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना मांडली. १९७२च्या दुष्काळात तिने गावोगावच्या चुली पेटत्या ठेवल्या. २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा अमलात आला, आणि २००५ साली देशाने तशाच हमीचा कायदा केला. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर याच योजनेसाठी १९७५ साली लागू झाला, हे आपल्या नोकरदारांना सहसा ठाऊक नसते. नामनियुक्त आसनांवर ग. दि. माडगूळकर आले, ना. धों. महानोर आले. महानोरांनी तेथे शेती आणि पाण्याची कैफियत मांडली. निवडणुकीच्या धकाधकीत हे कवी कदाचित उतरलेच नसते.

पुढे या बारा आसनांवर साहित्य आणि विज्ञान अभावानेच दिसू लागले. पक्षांना कार्यकर्त्यांची सोय लावण्यास ती बरी पडतात. जून २०२० मध्ये ती रिकामी झाली. नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने नावे पाठविली. राज्यपालांनी ती स्वीकारली नाहीत आणि परतही केली नाहीत. अशा शिफारशीवर वाजवी मुदतीत निर्णय घेणे राज्यपालांचे कर्तव्य आहे, असे उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटले. तरीही काही झाले नाही. सरकार बदलले, यादी मागे घेण्यात आली. अखेर १५ ऑक्टोबर २०२४ रोजी ७ जणांनी शपथ घेतली, तेव्हा चार वर्षे उलटून गेली होती. सभागृहाला विलंबाचा अधिकार घटनेने ४ महिन्यांचा दिला आहे. त्याची आसने भरण्यातला विलंब मात्र कोणी मोजून ठेवलेला नाही.

आपल्या भागाला याची झळ आणखी एका वाटेने लागली. वसई-विरार महानगरपालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि प्रशासक आले. ठाणे स्थानिक संस्था मतदारसंघात ठाणे आणि पालघर हे दोन्ही जिल्हे येतात. तेथील सभासद जून २०२२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा नव्या सभासदाला मत देण्यासाठी आपल्या महानगरपालिकेत एकही नगरसेवक उरलेला नव्हता. जागा रिकामी राहिली.